शिवाजी पेठेतल्या माडीवर बर्फावरचे बूट, आणि १९३९ ची एक वही

गुळाची_ढेप

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या माडीवर खुंटीला स्केट्सची एक जोडी कायम लटकलेली असायची. चाकांचे नव्हेत, बर्फावर घसरायचे. घोट्याच्या वर येणारे तपकिरी चामड्याचे बूट आणि खाली पोलादी पातं. ते घालून सोप्यात कोण जास्त वेळ उभं राहतंय याच्या आम्ही चुलत भावंडं पैजा लावायचो, आणि फरशीवर चरा उठला की काकूचा धपाटा बसायचा. कोल्हापुरात बर्फ म्हणजे रंकाळ्यावर गोळ्याच्या गाडीवर मिळतो तेवढाच. हे आले कुठून असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "माईआजीचे. विलायतेहून आणलेत." पुढं कुणी काही सांगायचं नाही.

माईआजी म्हणजे माझ्या आजोबांची पाठची बहीण. पणजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. राजाराम कॉलेजातून बी. ए. झाली आणि शिक्षणशास्त्राच्या डिप्लोमासाठी १९३८ च्या ऑगस्टात लंडनला गेली. बावीस वर्षांची, बिनलग्नाची. भाऊबंदांनी काय काय बोलून घेतलं असेल ते तुम्हीच ताडा. पणजोबांनी म्हणे एकच अट घातली होती, की बघशील ते लिहायचं आणि परत आल्यावर सगळ्यांपुढं वाचून दाखवायचं. त्यातून ही वही झाली. आता घराची वाटणी झाली. भांडीकुंडी, कपाटं, शिसवी पलंग सगळ्यांनी मोजून नेले. वही आणि बूट माझ्याकडं आले, कारण ते कुणालाच नको होते.

लंडनचा भाग मला समजला. बाई पोचली आणि दोन-तीन आठवड्यांत म्युनिकचं प्रकरण पेटलं. हाइड पार्कात बॉम्बपासून लपायला चर खणत होते ते बघून आली आणि लिहिलंय, "उसाला सरी सोडावी तशी सारी बाग उकरून ठेविली आहे." विषारी वायूचे मुखवटे वाटायला बसलेल्या बाईंनी हिच्यावर सगळी मापं करून पाहिली, पण अंबाड्यावरून पट्टे काही बसेनात. "शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, तेव्हा कोठे इंग्लंडच्या सरकारला माझा जीव वाचविणे शक्य झाले." अशी तिरकस बाई. आम्ही पाहिली ती खादीच्या पातळातली, कमी बोलणारी म्हातारी.

परीक्षा झाल्यावर जुलै १९३९ मध्ये ती परत निघाली. पॅरिसला १४ जुलैचं लष्करी संचलन बघितलं. त्यांच्या राज्यक्रांतीचं दीडशेवं वर्ष होतं आणि इंग्रजांचे शिपाईही फ्रेंचांच्या जोडीनं चालले. मग गाडीनं इटली. इथून माझे प्रश्न सुरू होतात.

एक, फ्लॉरेन्सला ती एकच दिवस उतरली, आणि तीही चित्रं-पुतळे सोडून "आपल्या महाराजांच्या छत्रीस" जायला. नदीच्या काठानं बागेच्या टोकापर्यंत चालत गेली. "हार मिळेना, म्हणून बाजारातली पांढरी फुले वाहिली. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढली." इटलीत आपल्या कुठल्या महाराजांची छत्री? शाहू महाराज तर १९२२ ला मुंबईत वारले.

दोन, आणि हा खरा प्रश्न. व्हेनिसला तिनं इटालियन आगबोट धरली. ट्रंकेवरच्या चिठ्ठीवर "लॉइड त्रिएस्तिनो" आणि त्याखाली "कोंते" एवढंच शिल्लक आहे, पुढचं झुरळांनी खाल्लं. सेकंड क्लासच्या केबिनमध्ये सोबतीला लाइपझिगची एक जर्मन बाई आणि तिची सोळा-सतरा वर्षांची मुलगी. बाईंचा नवरा हिवाळ्यातच पुढं शांघायला गेलेला, या दोघी त्याच्याकडं निघालेल्या. वहीतलं तसंच उतरवते:

"बाईंपाशी फरचा लांब कोट आहे. तांबड्या समुद्रात जीव नकोसा झाला तरी तो पेटीत घालीत नाहीत, नजरेसमोर खुंटीवर ठेवितात. मुलीपाशी लायका कॅमेरा. जेवणास दोघी नटून येतात. दूध, कॉफी काय हवे ते मागवितात, ते बोटीच्या खात्यावर लिहिले जाते. परंतु पोर्ट सैदला होडीवाले संत्री घेऊन आले तेव्हा मुलीने भाव विचारिला आणि मुकाट आत गेली. मी चार घेऊन दिली तर आईने परत पाठविली. श्रीमंत म्हणावे की दरिद्री, मला उमगेना."

दोन पानांनंतर: "दोघींचे पासपोर्ट पाहण्यात आले. मायलेकी दोघींचेही मधले नाव सारा. आई आणि मुलगी यांचे एकच नाव कसे? आत तांबड्या शाईत मोठे थोरले जे अक्षर. मी विचारिले तर मुलगी हसून म्हणाली, दोन्ही आम्हांस सरकारने बहाल केले आहे."

आणि एडनच्या अलीकडं: "मुलीने ट्रंकेतून बर्फावर घसरण्याचे बूट काढून दाखविले व म्हणाली, विकावयाचे आहेत. दहा शिलिंग देऊन घेतले. कोल्हापुरास याचा उपयोग नाही हे मला ठाऊक, तिलाही ठाऊक. परंतु संत्री परत पाठविणाऱ्या बाईंनी दहा शिलिंग परत पाठविले नाहीत."

मुंबईला ही बॅलार्ड पिअरवर उतरली, त्या दोघी बोटीवरच राहिल्या. पुन्हा वहीत त्यांचा उल्लेख नाही.

तर ही माणसं कोण? "सारा"ची काय भानगड? फरचा कोट अंगावर आणि संत्र्याला पैसे नाहीत हे कसं? पात्यावर "रेमशाइड" असं कोरलंय, त्याचा काही अर्थ? मुलीचं नाव तिच्याच अक्षरात वहीत आहे, ते इथं टाकत नाही. शोध लागू शकेल का?

वळिवडेकर

ताई, येवढं लांब कशाला जायचं? हे बूट वळिवड्याच्या पोलंडवाल्यांचे असणार बघा. महायुद्धात हजारो पोलिश बायका-पोरं आमच्या गावाशेजारी छावणीत होती, आत्ताचं गांधीनगर आहे तिथंच. जाताना लोकांनी सामान विकलं असं आमचा आजा सांगायचा. शहरातल्या बऱ्याच घरांत त्यांच्या वस्तू निघतील. माईआजींनी तिथनंच घेतले असतील, वही वेगळी आणि बूट वेगळे.

भटका_मिरजकर

वळिवडेकर, छावणीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण बूट त्यांचे नव्हेत. वळिवड्याला आलेले पोलिश लोक हे १९४० पासून रशियानं घरांतून उचलून सैबेरियाला, मध्य आशियाला हाकललेले. तिथून सुटले ते इराणमार्गे १९४३ मध्ये इथं पोचले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली ती माणसं, स्केट्स कुठून आणणार? आणि वहीत बुटांचा व्यवहार किमतीसकट लिहिलाय की.

आता ढेपताई, तुमच्या मायलेकी. या जर्मनीतून निसटलेल्या ज्यू होत्या, आणि तुमच्या माईआजींनी सगळे पुरावे एकापुढं एक लिहून ठेवलेत, फक्त "ज्यू" हा शब्द तेवढा लिहिलेला नाही.

"सारा" हे सरकारनं लादलेलं नाव. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमानं, १ जानेवारी १९३९ पासून जर्मनीतल्या ज्यू बायकांना नावात सारा आणि पुरुषांना इस्राएल जोडणं सक्तीचं झालं, नाव आधीच यादीतलं ज्यू वळणाचं असेल तरच सूट. म्हणून आईही सारा, लेकही सारा, आणि बोटीवर शोधलं असतं तर आणखी पन्नास सापडल्या असत्या. तांबडं जे ऑक्टोबर १९३८ पासूनचं. ज्यूंचे पासपोर्ट रद्द करून तो शिक्का मारल्यावरच ते पुन्हा चालत. त्या पोरीनं "बहाल केले" म्हटलं, तिची जीभ तुमच्या आजीच्या तोडीची होती.

पैशाचं असं. देश सोडताना माणशी फक्त दहा मार्क नेता येत. बाकीचं निरनिराळ्या करांत आणि जप्तीत जाई. मात्र प्रवासाचं भाडं जर्मनीतच मार्कांत भरता येई, आणि बोटीवरच्या खर्चासाठीही आगाऊ रक्कम भरून ठेवता येई. ती बोटीवरच संपवायची, रोख हातात मिळायची नाही. त्यामुळं लोक परवडेल तितका वरचा वर्ग घेत आणि नव्या कपड्यांत, कॅमेऱ्यांत पैसे घालत. नाहीतरी मागं ठेवून ते सरकारलाच मिळणार होते. कॉफी खात्यावर लिहिली जायची, होडीवाल्याला खातं कुठलं?

नवरा हिवाळ्यात पुढं गेला यातही कथा असावी. ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली आणि सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं. ताबडतोब देश सोडतो असं दाखवणाऱ्याला सोडत. हा त्यांतला होता असं मी म्हणत नाही, पण वेळ जुळते. आणि शांघाय अशासाठी, की त्या वेळी तिथं उतरायला व्हिसाच लागत नव्हता. एकूण अठरा-वीस हजार ज्यू तिथं पोचले. मुंबईला उतरून राहायचं म्हटलं तर ब्रिटिश सरकारची परवानगी आणि हमीदार लागे. इथं राहिलेल्यांचंही फार सुखाचं नव्हतं. सप्टेंबरात युद्ध लागताच जर्मन पासपोर्ट म्हणून ज्यूंनाही शत्रूचे नागरिक धरून अहमदनगरच्या छावणीत नेलं. ज्यांच्यापासून पळाले, त्यांच्याच शेजारी कॉटवर. नंतर चौकशी होऊन बरेच जण सुटले.

बोट: त्रिएस्ते-व्हेनिसकडून मुंबईमार्गे शांघायला "कोंते रोसो" आणि "कोंते व्हेर्दे" जात. तुमची या दोहोंतली एक. तुम्ही शिवाजी पेठेतल्या म्हणून सांगतो, १९३० च्या पहिल्या फुटबॉल विश्वचषकाला फ्रान्स, बेल्जियम आणि रुमानियाचे संघ "कोंते व्हेर्दे"नंच उरुग्वेला गेले होते, खुद्द चषकासकट. पाटाकडील तालमीतल्या फुटबॉलवाल्यांना सांगून बघा, फुकट चहा मिळेल. "कोंते रोसो" मे १९४१ मध्ये इटलीचं सैन्य नेताना ब्रिटिश पाणबुडीनं बुडवली.

रेमशाइड हे सोलिंगेनच्या शेजारचं हत्यारांचं गाव. पोलादी पाती, करवती, कानशी आणि स्केट्स तिथंच बनत. तेव्हा माल अस्सल आहे. पात्याला मशीनचं तेल लावा, खोबरेल नको.

तारांगण

छत्रीचं मी सांगते. कोल्हापूरची असून हे माहीत नाही म्हणजे कमाल आहे हं ढेपताई! ते छत्रपती राजाराम महाराज. शाहू महाराजांच्या आधीचे, १८६६ मध्ये गादीवर आलेले. १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. ख्रिस्ती देशात दहनाची पंचाईत. नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि कास्चिने बागेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. संगमच का, ते आपल्याला सांगायला नको.

तिथंच पुढं १८७४ मध्ये छत्री आणि अर्धपुतळा उभारला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी नंतर आपला नवा राजवाडा बांधायला घेतला तेच. त्यामुळं छत्री बघताना आपल्याकडचंच काम बघतोय असं वाटतं. मी नवऱ्याच्या कामानिमित्त गेले होते तेव्हा मुद्दाम बघून आले. आता त्या भागाला "इंदियानो" म्हणतात आणि जवळच्या मोठ्या पुलाचं नावही तेच. बस शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि पुढं चालावंच लागतं, तुमच्या आजीसारखंच. सायकलवाले सोडले तर कुणी नसतं.

मला आजीचं कौतुक याचं वाटतं, की एकटी मुलगी, मुसोलिनीचा इटली. आदल्या वर्षी मे महिन्यात याच फ्लॉरेन्समध्ये हिटलरची मिरवणूक निघालेली. एप्रिलमध्ये इटलीनं अल्बानिया गिळलेला. आणि ही पाचवारी नेसून फुलं घेऊन नदीकाठानं चाललीय. त्याबद्दल वहीत काही आहे का?

गुळाची_ढेप

मिरजकर, तुमचं उत्तर काल रात्री मोठ्यानं वाचलं घरात. आई नंतर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणून माई संत्री सोलून द्यायची नाही कधी, अख्खं हातात ठेवायची." आता याचा त्याच्याशी संबंध आहे का देव जाणे, पण आईला तसं वाटलं.

तारांगण, राजाराम महाराजांचं वाचून मान खाली. आमच्या डोक्यात राजाराम म्हटलं की ताराराणींचे, नाहीतर कॉलेज. इटलीबद्दल फार नाही, पण एक ओळ आहे: "भिंतींवर जागोजाग लिहिले आहे, विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. विचार करा असे कोठेही लिहिलेले आढळले नाही." पणजोबांपुढं वाचायच्या वहीत हे लिहिलंय! आणि ३ सप्टेंबरची शेवटची नोंद, तेव्हा ती कोल्हापुरात होती: "व्हाइसरॉयसाहेबांनी जाहीर केले की हिंदुस्थानही लढाईत आहे. कोणाला विचारून?" त्यानंतर पानं कोरी.

वळिवडेकर, तुमचा आजा अगदीच चुकला नाही. आई सांगते, माई मुलींच्या शाळेत शिकवायची तेव्हा छावणीतल्या पोलिश मुलींचा नाच बघायला वर्ग घेऊन गेली होती. बूट मात्र माडीवरच होते.

पंचगंगाकाठ

शोधाबद्दल. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं शांघायला होतो, म्हणून थोडं सांगू शकतो. तिथल्या होंगकोऊ भागात, जुन्या ओहेल मोशे सिनेगॉगमध्ये, ज्यू निर्वासितांचं संग्रहालय आहे आणि अंगणात नावांची भिंत. याच भागात १९४३ मध्ये जपान्यांनी सगळ्या निर्वासितांना कोंबलं होतं.

तुमच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये निर्वासितांनी शांघायमध्ये स्वतःची पत्त्यांची वही छापली. नाव, मूळ गाव, धंदा, पत्ता. ती स्कॅन होऊन नेटवर आहे. त्यात मुलीचं नाव शोधू नका, बहुतेक घरातल्या कर्त्या माणसाचं असतं. आडनाव आणि "लाइपझिग" एवढं धरून बघा. शिवाय जर्मनीतल्या आरोलसन संग्रहात, म्हणजे नाझींनी छळलेल्या लोकांची कागदपत्रं जिथं जपलीत तिथं, ऑनलाइन नाव टाकून शोधता येतं, फुकट. आडनाव इथं लिहू नका हे उत्तम केलंत, त्यांची नातवंडं कुठंतरी असतील. मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, जर्मन जुनं वळण वाचता येतं मला थोडंफार.

गुळाची_ढेप

पाठवलं. पहिलं अक्षर मला एफ वाटतंय, आई टी म्हणते.

पंचगंगाकाठ

एफच आहे. त्या आडनावाचे लाइपझिगचे दोघे सापडले. एक दाताचा डॉक्टर, दुसऱ्यापुढं धंदा लिहिलाय "फरचे कोट शिवणारा". लाइपझिग म्हणजे तेव्हा फरच्या व्यापाराची पेठ, ब्र्यूल नावाचा अख्खा रस्ता त्या दुकानांचा, आणि त्यांत ज्यू व्यापारी पुष्कळ. मला तर दुसराच वाटतोय. अंगावर घालायचा म्हणून तो कोट नजरेसमोर ठेवला नसेल हो बाईंनी. नवरा तोच धंदा तिथं मांडणार, तर ते भांडवल झालं, किंवा गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना.

पण खात्री करून घ्या. संग्रहालयाला दोन्ही नावं, वहीतल्या सहीचा फोटो आणि बुटांचा फोटो पाठवा.

गुळाची_ढेप

कोट भांडवल होतं हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. अडत्याची लेक असून माईआजीच्याही आलं नाही, म्हणजे बघा.

पत्राचा मसुदा आज बसून करते. तारांगण, इंग्रजी एकदा नजरेखालून घालाल का? आणि मिरजकर, बोटीच्या प्रवाशांची यादी कुठं मिळते का, त्रिएस्तेला वगैरे? नाव जुळलं तर डॉक्टर की शिवणारा हा वाद तिथंच मिटेल.

भटका_मिरजकर

बघतो. तोवर चिठ्ठीचा उरलेला तुकडा चांगल्या उजेडात, मागून टॉर्च लावून फोटो काढून टाका. "कोंते"च्या पुढच्या अक्षराचा खालचा शेपटा जरी दिसला तरी "रोसो" की "व्हेर्दे" ते सांगता येईल.